जुन्याच्या आधी काय

गल्लीच्या टोकाला, रस्ता जिथे एकदम वळतो आणि वळणावर कुणी ना कुणी सायकलवरून पडतच असतं, तिथे ती भट्टी आहे. पुढे दुकान, म्हणजे एक फळी आणि एक काच. आत मळायची खोली, तिच्या मागे भट्टी, आणि वर दोन खोल्यांचं घर. मालक, मळणारा, भाजणारा आणि विकणारा असा सगळा मिळून एकच माणूस. गल्ली त्याला भट्टीकाका म्हणते. मिसरूडही फुटलेलं नव्हतं तेव्हा हे नाव त्याला चिकटलं. त्याच्या आधी भट्टी चालवणाऱ्या त्याच्या आत्याला सगळे भट्टीआत्या म्हणत, आणि लोकांना नवीन नाव शोधायचा भारी कंटाळा असतो.

आत्यानेच त्याला वाढवलं. आईबाप लहानपणीच गेले, आणि ही बिनलग्नाची बाई पुतण्याला पिठाच्या पोत्यांमध्ये बसवून पाव भाजत राहिली. खमकी बाई. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिने त्याला शाळेत घातलं, मारूनमुटकून थोडंफार शिकवलं, आणि मग एके दिवशी हात धुवायला लावून काथवटीपुढे उभं केलं. काथवट म्हणजे पीठ मळायचं ते लांबरुंद लाकडी भांडं, जुनं, मधोमध खोलगट झालेलं. त्या दिवशी तिने त्याला ‘जुनं’ दाखवलं.

पाव फुगतो तो जुन्यामुळे. काल मळलेल्या पिठातला मागे ठेवलेला मूठभर गोळा, त्याला त्या घरात जुनं म्हणतात. पहाटे ते नव्या पिठात मिसळायचं, पाणी घालून मळायचं, पीठ फुगू द्यायचं. मग त्यातूनच एक गोळा काढून पालथ्या वाडग्याखाली झाकायचा, तो उद्याचं जुनं. आणि त्यानंतर मीठ. मीठ कधीही गोळा काढल्यावर, आधी नाही. आत्या हे इतक्या वेळा बोलली होती की शेवटी शेवटी नुसती वाडग्याकडे बोट करायची.

‘‘याला सुरुवात नाही,’’ ती सांगायची. ‘‘माझ्या आजोबांनी त्यांच्या बापाकडून घेतलं, त्यांनी त्यांच्या बापाकडून. तुटलेलं नाही कधी. आणि घराबाहेर जायचं नाही. कुणी मागितलं तरी नाही. आणि वाटेल त्या माणसाने हात लावायचा नाही याला. हात पिठात उतरतो.’’

हात पिठात उतरतो, हा त्या घराचा ठाम समज. जुनं जो मळतो त्याचं काहीतरी त्यात राहतं आणि मग ते रोज पुढे जात राहतं. खरं असेल, खोटं असेल. भट्टीकाकाने तो कधी तपासून पाहिला नाही. सकाळी पाव फुगला की माणसाला शंका काढायला सवड कुठे असते?

शंका काढायचं काम मग त्याच्या मुलीने अंगावर घेतलं.

ती बोलायला लागली तीच प्रश्नाने. भिंतीला पाठ का असते, झोपल्यावर मी कुठे जाते, भट्टी विझल्यावर आग काय करते. बापाने तिचं नाव ‘चौकशी’ पाडलं, कारण कचेऱ्यांमध्ये त्या खिडकीपुढे कायम रांग असते आणि हिच्या तोंडापुढे कायम प्रश्नांची. ‘‘चौकशी उघडली का गं?’’ असं तो सकाळी बायकोला विचारायचा. आणि जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली की बायको म्हणायची, ‘‘उघडली. आता बसा उत्तरं देत.’’

चौकशीने एकदा आत्यालाही विचारलं होतं. आत्या तेव्हा थकली होती, पण खुर्चीत बसून मळणीवर नजर ठेवायची. पोरीने विचारलं, ‘‘आत्याआजी, पण पहिलं जुनं कुठून आलं?’’

‘‘जुन्याच्या आधी जुनं,’’ आत्या म्हणाली.

‘‘आणि त्याच्या आधी?’’

‘‘त्याच्या आधीही जुनं!’’ आत्या अशी काही कडाडली की भट्टीकाकाच्या हातून चाळण निसटली. म्हातारी तशीच काठी आपटत वर निघून गेली आणि जेवायलाही खाली आली नाही. एवढ्याशा प्रश्नावर एवढा संताप का, हे कुणालाच कळलं नाही. वयाने होतं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पुढच्याच वर्षी आत्या गेली.

पोरगी सहावीत गेली आणि शाळेत विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं की हे सगळं विश्व, तारे, जमीन, समुद्र, कधीकाळी अगदी एवढ्याशात कोंबलेलं होतं, भयंकर तापलेलं होतं, आणि तिथून पसरत गेलं. झालं. दप्तर पाठीवरून न उतरवताच चौकशी मळायच्या खोलीत हजर.

‘‘बाबा, त्याच्या आधी काय होतं?’’

‘‘बाईंना विचारलंस का?’’

‘‘विचारलं. त्या म्हणाल्या पुढच्या इयत्तेत आहे.’’

‘‘मग पुढच्या इयत्तेत विचार.’’

‘‘पुढच्या इयत्तेत नाहीये बाबा! मी शेजारच्या ताईकडून पुस्तक आणून बघितलं. त्या मला टाळतायत.’’

तो हसला. पीठ लागलेल्या मनगटाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाला, ‘‘मला काय विचारतेस बये, मी पाव करतो.’’ पण ती खनपटीलाच बसली. काहीच नव्हतं असं म्हणायचं, तर काहीच नाही यातून एवढं सगळं आलं कसं? आणि काहीतरी होतं म्हणायचं, तर मग ती सुरुवात कसली? दोन्हीकडून अडतंय, ती म्हणाली. त्यालाही जरा विचार केल्यावर दोन्हीकडून अडल्यासारखं वाटलं. शेवटी सुटका करून घ्यायला तो म्हणाला, ‘‘बरं, विचार करून सांगतो.’’

बापाने सहज म्हटलेलं ते वाक्य तिने गाठीला बांधलं. रोज शाळेतून आली की, ‘‘केलास विचार?’’ आणि तो म्हणायचा, ‘‘चालू आहे.’’ त्यात त्याला मजा यायची. सुट्टीच्या दिवशी ती स्वतः जुनं मळायची, आत्याच्या खुर्चीवर उभी राहून, जीभ बाहेर काढून, आणि मळता मळता बापाची उलटतपासणी घ्यायची. बोटं बारीक, पण हात चांगला होता. तिने मळलेल्या दिवशी पाव जास्त फुगतो असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. यात बापाचं कौतुक किती आणि सत्य किती ते सोडून द्या.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी तिने जुनं मळलं, वाडगा पालथा घातला, आणि संध्याकाळी कणकणतंय म्हणाली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि मग डोक्यात गेला. दवाखान्यात सगळ्यांनी शर्थ केली, त्याबद्दल कुणाला बोल लावायला जागा नाही. मधे एकदा ती शुद्धीवर आली. बापाकडे बघून, ओठ कोरडे पडलेले, तरी तिने विचारलंच.

‘‘केलास विचार?’’

‘‘चालू आहे,’’ तो म्हणाला.

तिने मान हलवली, म्हणजे कर सावकाश. त्यानंतर ती काही बोलली नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

बायकोने अंथरूण धरलं. रडली असती तर बरं झालं असतं, पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. वाढलेलं ताट तसंच खाली येई. तिचा भाऊ येऊन समजूत घालून गेला, शेजारणी येऊन गेल्या, शेवटी सगळ्यांनी हात टेकले. आणि भट्टीकाका? तो दुसऱ्या आठवड्यातच भट्टीपुढे उभा राहिला. गल्लीत कुजबूज झाली की बाप मोठा दगडाचा. लोकांना काय, बोलायला विषय लागतो. त्याला भट्टी फार दिवस बंद ठेवताच येणार नव्हती. जुन्याला रोज नवं पीठ लागतं, नाही मिळालं तर ते मरतं. दवाखान्याच्या दिवसांतही तो कसाबसा येऊन त्यात मूठभर पीठ घालून जात होता. आणि पोरीचा शेवटचा हात त्या जुन्यात होता. घरातलं बाकी सगळं तिचं होतं ते तसंच्या तसं पडून होतं, फ्रॉक, वह्या, तुटक्या पट्ट्याची चप्पल. त्यातलं काही वाढत नव्हतं. जुनं तेवढं रोज वाडग्याखाली फुगून वर येत होतं. पहाटे वाडगा उचलला की त्याला वाटे, आहे. मग दिवस ढकलता येई.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तो विचार. तो त्याच्याकडून राहून गेला होता. पोरगी जिवंत असताना ‘चालू आहे’ ही थाप होती, आता मात्र त्याने तो खरोखर चालू केला. काय करणार? देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. त्याची विचार करायची रीत त्याच्या धंद्यातलीच होती. वर्षातून एकदा मळायची खोली चुना लावायला रिकामी करतात. पोती बाहेर, फळ्या बाहेर, काथवट बाहेर, खिळ्यावरचा टॉवेलसुद्धा बाहेर. तो मनातल्या मनात विश्व तसं रिकामं करत जायचा. आधी गल्ली उचलून बाहेर ठेवायची. मग गाव. मग जमीन, समुद्र, चंद्र, तारे. मग उजेड. उजेड काढला की अंधार उरतो, म्हणून अंधारही काढायचा. इथवर जमायचं. पण प्रत्येक वेळी त्या सगळ्या रिकाम्यात एक माणूस उभा राहायचाच, पिठाचे हात घेऊन, काढलेल्या वस्तूंचा हिशेब घालत. काढणारा कसा काढायचा? आणि त्याच्या बाजूला, खुर्चीवर, जीभ बाहेर काढून मळणारी ती. तिला तर हातही लावायचं धाडस व्हायचं नाही. मग सगळं पुन्हा आत यायचं, तारे, गल्ली, टॉवेल, आणि तो उसासा टाकून पुढच्या कामाला लागायचा.

हा भुंगा डोक्याला लागला तो लागलाच. गिऱ्हाईक दोन पाव मागे, हा चार देई. शिंपीणबाई म्हणाल्या, ‘‘काका, लक्ष कुठंय?’’ आता कुठंय ते काय सांगणार? सगळ्याच्या आधी आहे, असं?

मग ती सकाळ आली. काथवटीत पीठ फुगून तयार होतं आणि तो त्याच्यापुढे उभा राहून नेहमीप्रमाणे एकेक वस्तू बाहेर काढत होता. गल्ली, जमीन, तारे, उजेड, अंधार. आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पोरीने खुर्चीवरून आपण होऊन खाली उडी मारली आणि दारातून निघून गेली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग बघणाराही तिथे नव्हता. कुणीच नव्हतं. किती वेळ, ते सांगता येणार नाही, कारण वेळ मोजायलाही कुणी नव्हतं. ते भीतीदायक नव्हतं, सुखाचंही नव्हतं. भानावर आला तेव्हा पाव आकार देऊन फळ्यांवर ओळीने मांडलेले होते आणि मिठाचं भांडं रिकामं होतं. हात आपलं काम करून मोकळे झाले होते. त्याने पाव भट्टीत सारले, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला हलकं वाटलं. पोरीला सांगण्यासारखं काहीतरी हाताला लागलंय असं वाटलं.

वर बायकोची हालचाल ऐकू आली. त्याचा विश्वासच बसेना. ती जिना उतरून खाली आली. केस विंचरलेले, पदर खोचलेला.

‘‘केवढी घाण करून ठेवलीय हो,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही बसा दुकानात. मी आवरते.’’

तो फळीपाशी बसला, पाव विकत, आणि आतून येणारा पाण्याचा आवाज ऐकत राहिला. तिने मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. काथवट उकळत्या पाण्याने घासली. फळ्या घासल्या, खरवडणी घासली, पीठ झाकायचे कपडे उकळून वाळत घातले, त्याचा कामाचा अंगरखासुद्धा अंगावरून उतरवून घेतला. दुपारी ती त्याच्यासमोर बसून जेवली. थोडंच, पण जेवली. सुटलो, त्याला वाटलं. निदान एक तरी माणूस परत आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने वाडगा उचलला. खाली काही नव्हतं.

आधी त्याला वाटलं बायकोने आवरताना जागा बदलली असेल. मग हळूहळू कालची सकाळ आठवत गेली. मिठाचं रिकामं भांडं आठवलं. गोळा काढलाच नव्हता. सगळं पीठ पावात गेलं होतं, सगळे पाव भट्टीत, आणि भट्टीतून बाहेर आलेल्या पावात जुनं जिवंत राहत नाही.

काथवटीच्या भेगांत वाळलेलं पीठ राहतं. एवढासा पापुद्रा मिळाला तरी पाण्यात भिजवून, पीठ खिलवून जुनं परत उभं करता येतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने सुरीच्या टोकाने भेगा कोरल्या. कोऱ्या. बायकोने त्या काडीने साफ करून वर उकळतं पाणी ओतलं होतं. फळ्या, कपडे, खरवडणी, सगळं लख्ख. त्याने स्वतःची नखं कोरून पाहिली. त्या बाईने इतक्या महिन्यांनी हातपाय हलवले ते नेमके यासाठी! त्याच्या मनात एक क्षण असा संताप उसळला की काथवटच उचलून आपटावी. वरून तिच्या बांगड्यांचा आवाज आला. ती उठली होती, सलग दुसऱ्या दिवशी. हिला हे कळलं तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करील आणि मग उठणार नाही. त्याने वाडगा होता तसा पालथा घातला.

उजाडल्यावर तो गल्लीत निघाला. डोक्यात एकच वेडी आशा. कालचा एखादा पाव मधे कच्चा राहिला असेल तर? कच्च्या गाभ्यात जीव असू शकतो. उभ्या जन्मात ज्याने कुणाच्या तक्रारीला भीक घातली नव्हती तो माणूस दारोदार विचारत फिरला, ‘‘काल पाव कच्चा लागला का हो?’’

‘‘छे, मस्त होता,’’ शिंपीणबाई म्हणाल्या. न्हाव्याने तर पोट चोळून दाखवलं. शेवटी तो कोपऱ्यावरच्या पेन्शनर आजोबांकडे गेला. हे आजोबा रोज पाव दाबून बघत आणि रोज आत कच्चा आहे म्हणून कुरकुरत. गल्लीत त्यांना ‘नाराज’ म्हणत. त्याचा सगळा जीव आता त्यांच्या कुरकुरीवर टांगलेला.

‘‘काल?’’ आजोबांनी चष्मा पुसला. ‘‘कालच्याबद्दल मात्र तक्रार नाही हं. असाच भाजत जा.’’

तो आजोबांच्या पायरीवरच बसला. आजोबा घाबरून पाणी आणायला आत गेले.

पायरीवर बसल्या बसल्या त्याला एकदम बरणी आठवली. चौकशीने आत्याचा नियम मोडला होता! वर्गाला दाखवायला म्हणून तिने चिमूटभर जुनं बरणीत घालून शाळेत नेलं होतं आणि मग डोळ्यांत पाणी आणून बापाजवळ कबूलही केलं होतं. तो तेव्हा नुसता हसला होता. तो तसाच उठून शाळेकडे पळाला. पाणी घेऊन आलेले आजोबा बघतच राहिले.

विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत एकट्याच वह्या तपासत होत्या. त्याला बघून उभ्या राहिल्या. पोरगी गेल्यापासून त्या भेटायला आल्या नव्हत्या आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

‘‘बरणी,’’ तो म्हणाला. ‘‘तिने आणली होती ती.’’

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. बरणी तिथेच होती. तिच्यात पेनं आणि खडूचे तुकडे होते.

‘‘ती रोज त्यात पीठ घालायची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कुणाला हात लावू द्यायची नाही. नंतर... माझ्या लक्षात राहिलं नाही, काका. बुरशी आली. मी धुऊन ठेवली. टाकवेना म्हणून ठेवली.’’

त्याने बरणी हातात घेतली, आतली पेनं काढली, वास घेतला. साबणाचा वास आला. त्याने पेनं परत घातली.

‘‘बाई, तिने तुम्हाला एक विचारलं होतं. सगळ्याच्या आधी काय होतं म्हणून.’’

बाई खाली बसल्या. ‘‘मी तिला टाळलं. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. काही जण म्हणतात आधी असं काही नव्हतंच, काळ तिथूनच सुरू झाला. काही म्हणतात असेल, अगदी याच्यासारखंच दुसरं काही असेल. पण सुरुवातीला सगळं इतकं तापलेलं होतं, की आधीचं काही असलंच तरी त्याची खूण इकडे आली नसेल. इथून शोधून सापडणार नाही.’’

‘‘भाजून निघालं असेल,’’ तो म्हणाला.

‘‘हो, तसंच.’’

तो घरी चालत आला. वाटेत त्याला रडू यायला हवं होतं, पण त्याला नुसता तो विचार दिसत होता, सगळाच्या सगळा, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. असेल. आधी काहीतरी असेल. असंच एखादं गाव असेल, वळणावर भट्टी असेल, खुर्चीवर उभी राहून मळणारी एक मुलगी असेल, आणि कुणाचं तरी क्षणभर लक्ष उडालं असेल. मग हे नवं सगळं फुगलं. यात तिचा कण नाही. हे तारे, हे समुद्र, कुणालाच तिचं सोयरसुतक नाही, आणि नसणारच, कारण त्यांच्या लेखी सुरुवात त्यांच्यापासून आहे. विचार पुरा झाला होता. पोरीला हे उत्तर आवडलं नसतं.

बाजारातून त्याने यीस्टचं पाकीट आणलं आणि पिठाच्या पोत्यामागे लपवलं. रोज पहाटे बायको खाली यायच्या आत चोरासारखं पिठात मिसळायचं. गल्लीला पत्ता लागला नाही. उलट शिंपीणबाई म्हणाल्या, ‘‘काका, हल्ली पाव हलका होतो हो, छान.’’ त्याने मान डोलावली आणि सुट्टे पैसे परत दिले.

आणि वाडगा? वाडगा रिकामा ठेवता येत नव्हता. बायको आता रोज खाली येऊ लागली होती, कधीतरी उचलणारच. म्हणून त्याने पीठ आणि पाणी कालवून एक गोळा वाडग्याखाली झाकला. नुसता दिसायला. पहिल्या दिवशी तो मातीसारखा पडून होता. मग त्याला घाण वास सुटला, दोनचार बुडबुडे आले आणि बसले. मेला, त्याला वाटलं, आणि बरंच वाटलं. हाताच्या सवयीने मात्र तो रोज अर्धा टाकून नवं पीठ घालत राहिला. एका पहाटे वाडगा उचलायला गेला तर तो कडेने आधीच उचललेला. आतला गोळा फुगून वाडग्याला ढकलत होता. जाळीदार, घट्ट, तसाच आंबूस वास, तोच. काही फरक नाही. ज्याच्यासाठी इतक्या पिढ्या जपणूक केली, ज्याच्यात पोरीचा हात म्हणून तो रोज उठत होता, ते नुसत्या पीठपाण्यातून आपसूक होऊन बसलं होतं, तिच्यावाचून. तेव्हा तो रडला. तोंडात टॉवेल कोंबून रडला.

आणि रडता रडता त्याला आत्या दिसली. लालबुंद तोंडाची, काठी आपटत जिना चढणारी. ‘त्याच्या आधीही जुनं!’ एवढ्याशा प्रश्नावर म्हातारी का पेटली होती ते आता त्याला समजलं. निदान समजल्यासारखं वाटलं. विचारायला आत्या होती कुठे? पण असाच एखादा दिवस तिलाही आला असेल, रिकामा वाडगा हातात धरून ती इथेच उभी राहिली असेल, आणि मग जन्मभर कुणाला बोलली नसेल. कदाचित तिच्या आधीच्यांनाही आला असेल. पालथा वाडगा घालायचा आणि सुरुवात नाही असं सांगायचं.

जिन्यावर पावलं वाजली. त्याने तोंड पुसलं. बायको आली, बांगड्या मागे सारल्या, आणि त्याच्याकडे न बघता वाडग्यापाशी गेली. तिने गोळा हातात घेतला. किती तरी वेळ ती तो नुसता धरून उभी राहिली. मग बोटं आत रोवली, मळू लागली, अगदी हळू.

‘‘हे तुम्ही टिकवलंत,’’ ती म्हणाली. ‘‘मी पडून होते आणि तुम्ही रोज उठून हे टिकवलंत. तिचा हात आहे यात अजून.’’

त्याच्या मनात आलं, सांगून टाकावं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं.

‘‘आहे,’’ तो म्हणाला.

ती मळत राहिली. मग तिच्या तोंडावर, पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा, हसण्यासारखं काहीतरी आलं.

‘‘आत्यांना कशी भंडावून सोडायची, आठवतं? पहिलं जुनं कुठून आलं म्हणून. खरंच हो, कुठून आलं असेल?’’

‘‘जुन्याच्या आधी जुनं!’’ तो कडाडला. इतका मोठ्याने, की तिचे हात थांबले आणि बाहेर काचेपाशी उभं असलेलं गिऱ्हाईक दचकलं.

बायको त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग खळखळून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

‘‘अगदी आत्यांसारखं बोललात,’’ ती म्हणाली.

तिने गोळा वाडग्याखाली झाकला. त्याने मिठाचं भांडं पुढे ओढलं.